महाजालाची दुसरी सूची

महाजालावर साठलेल्या मजकुरातून हवे ते शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे शोधयंत्र किंवा रोजच्या बोलण्यातले सर्च इंजिन, ही गेल्या तीस वर्षांत ज्ञानव्यवहाराची पहिली पायरी होऊन बसली आहे. औषधाचे दुष्परिणाम, सातबारा उतारा काढण्याची पद्धत, परीक्षेचा निकाल, एखाद्या कवीचे जन्मवर्ष, असे काहीही जाणून घ्यायचे झाले की माणूस आधी एका चौकटीत चार शब्द टंकतो आणि समोर येणाऱ्या पहिल्या पाचसात उत्तरांवर बहुधा समाधान मानतो. जगाच्या फार मोठ्या भागात ही चौकट एकाच कंपनीच्या मालकीची आहे. अमेरिकेतील केंद्रीय न्यायालयाने 2024 मध्ये नोंदवलेल्या निष्कर्षानुसार 2020 साली त्या देशातील सर्वसाधारण शोधांपैकी 89.2 टक्के आणि मोबाइलवरील शोधांपैकी 94.9 टक्के शोध गूगलवर होत होते. भारतात तर बहुसंख्य लोकांचा इंटरनेटशी पहिला संबंधच अँड्रॉइड फोनमधून, म्हणजे गूगलच्याच दारातून आला, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या शोधयंत्राचे नाव ठाऊक असलेला वापरकर्ताही येथे विरळाच.

या एकछत्री अमलाला छोटी, पर्यायी शोधयंत्रे आव्हान देऊ शकतात का, हा या पुस्तकाचा विषय आहे. केवळ बाजारातील वाट्यावरून उत्तर द्यायचे तर ते एका ओळीत संपेल, कारण पाश्चात्त्य जगात गूगलची जागा घ्यायला निघालेल्या कंपन्यांपैकी एकीलाही ते आजवर साधलेले नाही. परंतु कोण जिंकले आणि कोण हरले एवढ्यापुरताच हा विषय पाहिला, तर त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. ती अशी की, पर्यायी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक शोधयंत्रांकडे महाजालाची स्वतःची सूची नसते. ती त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून, क्वचित खुद्द गूगलकडून, करार करून उसनी घेतलेली असते. स्वतःची सूची बाळगणारी शोधयंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि आकाराने फार लहान आहेत, तरीही आव्हानाची भाषा खऱ्या अर्थाने वापरता येईल ती त्यांच्याच बाबतीत, अशी या प्रस्तावनेची भूमिका आहे.

ही भूमिका पटण्यासाठी शोधयंत्राचे काम कसे चालते हे आधी पाहावे लागते. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एका वेबपृष्ठावरील दुव्यांच्या आधारे दुसऱ्या पृष्ठावर, तेथून तिसऱ्यावर असा अखंड फिरत राहतो आणि प्रत्येक पृष्ठाची प्रत उतरवून घेतो. त्या प्रतींमधून सूची तयार होते. गंभीर ग्रंथाच्या शेवटी शब्दांपुढे पृष्ठक्रमांक देणारी शब्दसूची असते, तशीच ही सूची अब्जावधी पृष्ठांसाठी केलेली असते, आणि वापरकर्त्याने प्रश्न विचारल्यावर शोधयंत्र त्या क्षणी महाजाल धुंडाळत नसून आधीच करून ठेवलेली ही सूची चाळत असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शेवटी येते क्रमवारी: सूचीतून निघालेल्या लाखो पृष्ठांपैकी कोणते वर ठेवावे आणि कोणते खाली, याचा निर्णय. सूचीत न आलेले पृष्ठ वाचकापुरते अस्तित्वातच नसते आणि क्रमवारीत शंभरावे आलेले पृष्ठ असून नसल्यासारखे असते. त्यामुळे जगाने काय पाहावे हे ठरवण्याचा मोठा अधिकार सूचीच्या मालकाकडे, कोणी तो मुद्दाम दिलेला नसतानाही, जातो.

गूगल स्वतः एके काळी छोटे आव्हानकर्तेच होते, हा युक्तिवाद या चर्चेत नेहमी पुढे येतो आणि तो नीट तपासून पाहण्याजोगा आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने डिसेंबर 1995 मध्ये सुरू केलेले अल्टाव्हिस्टा हे त्या काळचे अग्रगण्य शोधयंत्र होते. लायकॉस, एक्साइट, इंकटोमी ही नावेही तेव्हा सर्वतोमुखी होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ज्या संग्रहाचे वर्णन आहे त्यात अवघी 2 कोटी 40 लाख पृष्ठे होती. एखाद्या पृष्ठाकडे किती आणि किती वजनदार दुवे येतात यावरून त्याचे महत्त्व मोजणारी पेजरँक ही त्यांची पद्धत प्रतिस्पर्ध्यांच्या पद्धतींपेक्षा स्पष्टपणे सरस होती, आणि दुव्यांची माहिती महाजालावर उघडी पडलेली असल्यामुळे ती वापरायला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. शिवाय त्या वेळच्या मोठ्या कंपन्यांनी शोधाकडे दुर्लक्ष करून बातम्या, ईमेल, खरेदी अशा सगळ्या गोष्टी एका पानावर कोंबणारी पोर्टले उभारण्याचा मार्ग धरला होता. थोडक्यात, सूची लहान असली तरी चालत होते, कच्चा माल सर्वांना खुला होता आणि प्रस्थापित गाफील होते. याच निबंधाच्या परिशिष्टात दोघा लेखकांनी असेही म्हटले होते की, जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांच्या बाजूला झुकलेले असेल. पुढे त्यांचीच कंपनी जाहिरातींवर उभी राहिली आणि त्या इशाऱ्याचे सर्वांत मोठे उदाहरण ठरली, हे येथे खेदाने नमूद केले पाहिजे.

वर सांगितलेल्या अनुकूलतांपैकी आज एकही शिल्लक नाही. न्यायालयातील साक्षीत आलेल्या माहितीनुसार 2020 च्या सुमारास गूगलच्या सूचीत जवळजवळ 400 अब्ज दस्तऐवज होते. एवढा संग्रह करणे, तो ताजा ठेवणे आणि त्यातून क्षणार्धात उत्तर काढणे यासाठी लागणारे सर्व्हर, वीज आणि अभियंते यांचा खर्च कोणत्याही नवागताच्या आवाक्याबाहेरचा आहे. तरीही या विषयावर लिहिणारे पुष्कळ जण सगळा भार या खर्चावर टाकतात, तो योग्य वाटत नाही. भांडवल मिळाले तरी न ओलांडता येणारे आणखी दोन अडथळे आहेत.

त्यांतील पहिला दाराचा. नवा फोन किंवा ब्राउझर उघडताच जे शोधयंत्र आधीच बसवलेले असते, त्याला पूर्वनिर्धारित शोधयंत्र म्हणतात, आणि बहुसंख्य लोक ते कधीच बदलत नाहीत. हे स्थान मिळवण्यासाठी गूगलने 2021 या एका वर्षात ॲपल, मोझिला, सॅमसंग आणि दूरसंचार कंपन्यांसारख्या भागीदारांना मिळून 26.3 अब्ज डॉलर दिले. 2022 मध्ये एकट्या ॲपलला दिलेली रक्कम 20 अब्ज डॉलर होती. अमेरिकेतील जवळजवळ निम्मे शोध अशा कराराने बांधलेल्या दारांतूनच होतात, असे न्यायालयाला आढळले. सवयीचे बळ किती असते हे दाखवणारा सर्वांत बोलका पुरावा मात्र गूगलच्या करारांत नसून मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये आहे. तेथे बिंग आधीच बसवलेले असते आणि त्या ब्राउझरवरील सुमारे 80 टक्के शोध बिंगवरच होतात, इतरत्र मात्र त्याच बिंगकडे फार थोडे लोक वळतात. तेव्हा लोक उत्तमाची निवड करतात म्हणून गूगल वापरतात, हे म्हणणे फार तर अर्धेच खरे आहे.

दुसरा अडथळा त्याहून खोल आहे. वापरकर्त्याने काय विचारले, कोणत्या दुव्यावर टिचकी मारली, तेथून लगेच परत आला की थांबला, या सगळ्याची नोंद शोधयंत्र ठेवते आणि पुढच्या क्रमवारीसाठी वापरते. गूगलच्या अशा एका प्रणालीत, जिचे नाव नॅव्हबूस्ट आहे, 13 महिन्यांच्या टिचक्यांची माहिती वापरली जाते, हे खटल्यात उघड झाले. आणि एवढी माहिती गोळा करायला बिंगला सतरा वर्षांहून अधिक काळ लागेल, असा हिशेब निकालपत्रात दिलेला आहे. नेहमीच्या प्रश्नांच्या बाबतीत या तफावतीने फारसे बिघडत नाही. परंतु गूगलच्याच सांगण्याप्रमाणे रोज येणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे 15 टक्के पूर्वी कधीच न विचारलेले असतात, आणि अशा विरळ प्रश्नांना समाधानकारक उत्तर देता येणे हेच चांगल्या शोधयंत्राचे लक्षण मानले जाते. ज्याच्याकडे लोक अधिक त्याच्याकडे माहिती अधिक, माहिती अधिक म्हणून उत्तरे बरी, आणि उत्तरे बरी म्हणून पुन्हा लोक अधिक, असे हे चक्र आहे, आणि बाहेरच्याला त्यात शिरायला फट सापडत नाही.

या परिस्थितीत उसन्या सूचीचा मार्ग मोहक वाटावा हे स्वाभाविकच होते. गेब्रिएल वाइनबर्ग यांनी 2008 मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू केलेले डकडकगो वापरकर्त्याचा माग काढत नाही, 2009 मध्ये बर्लिनमध्ये निघालेले इकोसिया आपल्या उत्पन्नातून झाडे लावते, नेदरलँड्समधील स्टार्टपेज विचारणाऱ्याची ओळख झाकून गूगलची उत्तरे आणून देते. या संस्थांनी शोधयंत्राकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पाळत ठेवल्यावाचून जाहिरातींवर शोधयंत्र चालवता येते हे डकडकगोने व्यवहारात दाखवून दिले, आणि ते मोलाचे काम आहे. पण या इमारतीचा पाया दुसऱ्याच्या जमिनीत आहे. मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये आपली सूची वापरू देण्याचे दर काही प्रकारांत दहापटीपर्यंत वाढवले. पुढच्या वर्षी 23 मे रोजी बिंगमध्ये बिघाड झाला तेव्हा बिंगबरोबरच डकडकगो आणि इकोसियाही काही तास कोलमडली, आणि आपण बिंगपासून वेगळे काही वापरत आहोत असे समजणाऱ्या पुष्कळांना त्या दिवशी प्रथमच सत्य कळले. ऑगस्ट 2025 मध्ये तर मायक्रोसॉफ्टने ती सेवा खुल्या स्वरूपात देणे बंदच केले. मोठ्या भागीदारांचे स्वतंत्र करार चालू राहिले, परंतु तिच्या भरवशावर काही नवे उभारू पाहणाऱ्या लहान मंडळींचा मार्ग खुंटला. डकडकगोच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही माग काढणाऱ्या संहितांना मोकळीक ठेवलेली आहे हे 2022 मध्ये उघडकीला आले, तेव्हा त्यामागे सूचीसाठी केलेल्या करारातील अट असल्याचे कंपनीने सांगितले आणि पुढे ती मोकळीक काढून टाकली. सूची दुसऱ्याची असली की तत्त्वालाही मर्यादा पडतात, हे या प्रकरणातून दिसते.

याउलट ज्यांनी क्रॉलरपासून क्रमवारीपर्यंत सगळे स्वतः उभारले, त्यांचा इतिहास पडझडीचा आहे. जुलै 2008 मध्ये 120 अब्ज पृष्ठांच्या सूचीचा गाजावाजा करत आलेले क्यूल दोन वर्षांत बंद पडले. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांचे विकिया सर्च 2008 मध्ये सुरू होऊन पुढच्याच वर्षी आटोपले. म्युनिकचे क्लिक्झ 2020 मध्ये मिटले. एका अभियंत्याने दोन दशके जवळजवळ एकहाती चालवलेले गिगाब्लास्ट 2023 मध्ये थांबले. त्याच वर्षी निवा बंद झाले आणि ही घटना सर्वांत अधिक बोध देणारी आहे. गूगलच्या जाहिरात विभागाचे माजी प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी सहकाऱ्यांसह ते स्थापन केले होते, अनुभव आणि भांडवल दोन्ही हाताशी होते, जाहिरातींऐवजी वर्गणीवर चालण्याचा स्पष्ट विचार होता. बंद करताना संस्थापकांनी सांगितले की, लोकांना पैसे द्यायला राजी करणे त्या मानाने सोपे गेले, नवे शोधयंत्र एकदा वापरून पाहायला राजी करणे अधिक कठीण ठरले. दाराचा अडथळा म्हणून वर जे सांगितले ते यापेक्षा स्पष्ट शब्दांत मांडता येणार नाही.

तरीही काही जण टिकले आहेत. ब्रिटनमधील मोजीक 2004 पासून स्वतःचा क्रॉलर चालवत असून त्याच्या सूचीत काही अब्ज पृष्ठे आहेत. वापरकर्त्याचा माग न काढण्याचे धोरण त्याने 2006 मध्येच, म्हणजे डकडकगोच्या जन्माआधी, स्वीकारले. ब्रेव्ह ब्राउझरच्या कंपनीने क्लिक्झमधील मंडळींचे काम विकत घेऊन 2021 मध्ये शोधयंत्र सुरू केले आणि 2023 मध्ये बिंगचा उरलासुरला आधारही सोडला. या दोघांपेक्षा अधिक लक्ष देण्याजोगे उदाहरण मात्र स्वीडनमधील मार्जिनालियाचे आहे. एका प्रोग्रॅमरने घरात ठेवलेल्या साध्या संगणकावर ते सुरू केले, त्याची संहिता सर्वांसाठी खुली ठेवली, आणि सुरुवातीपासूनच गूगलशी तुलना नाकारली. ज्या पृष्ठांवर मजकूर भरपूर आहे आणि जाहिराती व माग काढणाऱ्या संहिता कमी आहेत, त्यांना हे शोधयंत्र वर आणते. त्यामुळे एखाद्या निवृत्त अभियंत्याने वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली रेडिओदुरुस्तीची टिपणे, एखाद्या हौशी अभ्यासकाने केलेले बुरशीचे वर्गीकरण, विद्यापीठाच्या जुन्या सर्व्हरवर पडून राहिलेली व्याख्याने, अशा प्रकारचे लेखन येथे पहिल्या पानावर येते. मोठ्या शोधयंत्रात तेच लेखन विक्रीसाठी रचलेल्या पानांच्या ढिगाखाली गाडलेले असते. पूर्ण वाक्यात प्रश्न विचारला तर मार्जिनालियाला तो बहुधा पेलत नाही, बाजारभाव किंवा आजची बातमी येथे शोधण्यात अर्थ नाही, आणि तसा दावाही कोणी करत नाही. पण गूगलने खाली ढकललेल्या गोष्टी अस्तित्वात आहेत आणि थोडक्या खर्चात त्या वर आणता येतात, एवढे त्याने सिद्ध केले आहे. महाजालाविषयीचे दुसरे मत म्हणतात ते हेच.

भाषेच्या आधारावर टिकलेल्या शोधयंत्रांचा विचार वेगळा करावा लागतो. रशियातील यांडेक्सने 1997 मध्ये सुरुवात केली तेव्हा त्याची खरी ताकद रशियन शब्दांची विभक्तिरूपे ओळखण्यात होती. दक्षिण कोरियातील नेव्हरला 1999 मध्ये वेगळीच अडचण होती: कोरियन भाषेत शोधण्याजोगी पृष्ठेच कमी होती. तेव्हा 2002 मध्ये त्याने लोकांनी प्रश्न विचारावे आणि लोकांनीच उत्तरे द्यावी अशी सेवा काढली आणि शोधायचा मजकूर आधी निर्माण करवून घेतला. चेक प्रजासत्ताकातील सेझनामने आपली आघाडी अनेक वर्षे राखली आणि स्मार्टफोनच्या काळात ती गमावली. रशियात मात्र स्पर्धा नियामकाशी 2017 मध्ये झालेल्या तडजोडीनुसार गूगलला अँड्रॉइडवर निवडीचा पर्याय द्यावा लागला आणि त्यानंतर यांडेक्सचा वाटा वाढला. यावरून स्वदेशी शोधयंत्र म्हणजे मुक्त शोधयंत्र असा अर्थ कोणी काढू नये. यांडेक्स आणि चीनमधील बायडू यांच्यावर तेथील सरकारांचा वचक आहे, आणि एका कंपनीची मक्तेदारी घालवून एका सरकारची आणणे हा पर्याय या पुस्तकाला अभिप्रेत नाही.

मराठी वाचकाला या चर्चेत स्वतःची जागा येथे सापडते. 2011 च्या जनगणनेनुसार 8 कोटी 30 लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या या भाषेत शब्द वाक्यात येताना सामान्यरूप घेतो: देऊळ असते ते देवळात, देवळाला, देवळासमोर होते, पाण्याचे पाण्यापासून आणि पाण्यावाचून होते. इंग्रजीसाठी घडवलेल्या यंत्रणेला देऊळ आणि देवळासमोर हे एकाच शब्दाचे अवतार आहेत हे आपोआप कळत नाही. त्यासाठी शब्दाचे मूळ रूप काढण्याची प्रक्रिया भाषेच्या व्याकरणानुसार लिहावी लागते, आणि तीही सोपी नाही, कारण मुलांना हे रूप मूल या शब्दाचेही असते आणि मुलगा या शब्दाचेही. लिपीच्या अडचणी याहून सूक्ष्म आहेत. ॲप हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो, एकदा ॲ हे एकच अक्षरचिन्ह वापरून आणि एकदा अ या अक्षराला चंद्राची वेगळी खूण जोडून. दऱ्या या शब्दातील अर्धा र लिहिण्याचेही असेच दोन मार्ग आहेत. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि या रूपांचा मेळ घालून ठेवला नाही तर निम्मी उत्तरे हातची जातात. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतप्रणाली रुळण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रे आपापल्या फाँटमध्ये प्रसिद्ध होत, त्या काळातील मजकूर शोधयंत्रांना वाचताच येत नाही. त्यात आता रोमन लिपीत मराठी टंकणाऱ्यांची भर पडली आहे.

या दिशेने प्रामाणिक प्रयत्न झाले आहेत आणि ते विसरले जाऊ नयेत. बंगळूरच्या गुरुजी डॉट कॉमने 2006 मध्ये भारतीय शोधयंत्राची कल्पना मांडली आणि काही वर्षांतच ती बारगळली. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्यातून, अनेक संस्थांनी मिळून संधान हे शोधयंत्र घडवले. त्यात हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू यांच्यासह मराठीचा समावेश होता आणि त्याचा विषय पर्यटनापुरता मर्यादित ठेवला होता. 2008 मध्ये सुरू झालेल्या फायर या संशोधक मंचाने भारतीय भाषांतील शोधपद्धतींची तुलना करण्यासाठी मराठी वृत्तपत्रीय मजकुराचा संग्रह अभ्यासकांना उपलब्ध करून दिला. या कामातून मराठी शब्दरूपांविषयीचे मोलाचे संशोधन उभे राहिले, परंतु सर्वसामान्य वाचकाच्या हाती टिकाऊ शोधयंत्र आले नाही. सूची ही एकदा करून ठेवण्याची वस्तू नाही, ती रोज ताजी करावी लागते, आणि ठरावीक मुदतीच्या अनुदानावर रोजचे काम चालत नाही. या प्रयत्नांची मर्यादा संशोधकांच्या कुवतीत नव्हती, व्यवस्थेत होती.

कायद्याकडून काय अपेक्षा करावी, हा पुढील प्रकरणांतील मोठा विषय आहे. युरोपीय आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात 2018 मध्ये 4.34 अब्ज युरोंचा दंड केला, तो न्यायालयात थोडा कमी झाला. त्यानंतर फोनवर निवडीचा पडदा आला, पण त्यावरील जागांचा सुरुवातीला लिलाव मांडला गेला आणि झाडे लावण्यासाठी पैसे राखून ठेवणाऱ्या इकोसियासारख्या संस्थेला तेथे बोली लावणे अन्यायाचे वाटले. 2021 मध्ये तो लिलाव रद्द झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये शोधनिकालांतील पक्षपातासाठी 135.86 कोटी रुपयांचा आणि ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडसंबंधी 1,337.76 कोटी रुपयांचा दंड गूगलला केला, आणि त्यानंतर भारतातील नव्या फोनवर पूर्वनिर्धारित शोधयंत्र निवडण्याची सोय देण्याचे कंपनीने जाहीर केले. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी 5 ऑगस्ट 2024 रोजी गूगलची मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवलेली असल्याचा निर्णय दिला. 2 सप्टेंबर 2025 रोजी उपाययोजना ठरवताना त्यांनी क्रोम ब्राउझर विकायला लावण्याची मागणी फेटाळली, भागीदारांना पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही, परंतु अनन्य करारांना मनाई केली आणि सूचीतील व वापरातून मिळालेल्या माहितीचा काही भाग पात्र स्पर्धकांना द्यावा असे ठरवले. दंडाच्या आकड्यांनी वृत्तपत्रांचे मथळे होतात. सूचीविषयीच्या या शेवटच्या तरतुदीकडे फारसे लक्ष गेले नाही, वास्तविक सगळ्या निकालांतील तीच सर्वांत दूरगामी आहे, कारण अडचणीच्या मुळाशी हात घालणारी ती पहिली न्यायालयीन तरतूद म्हणावी लागेल.

दरम्यान नव्या भिंतीही उभ्या राहत आहेत. कोणत्या क्रॉलरला आत येऊ द्यावे हे प्रत्येक संकेतस्थळ एका छोट्या सूचनाफाइलमध्ये लिहून ठेवते आणि मोठी संकेतस्थळे गूगल व बिंगखेरीज इतरांना मज्जाव करू लागली आहेत. रेडिट या प्रचंड चर्चास्थळाने 2024 मध्ये गूगलशी मोबदल्याचा करार केला, आणि त्याच वर्षी तेथील ताजा मजकूर इतर शोधयंत्रांत दिसेनासा झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या मजकूर उपसून नेतात ही संकेतस्थळांची तक्रार खरी आहे, पण त्यांच्याविरुद्ध लावलेल्या कुलपांमुळे मोजीकसारखे प्रामाणिक लहान क्रॉलरही बाहेर राहतात. चॅटजीपीटीसारखी साधने शोधयंत्रांची गरजच संपवतील, असे मत अलीकडे वारंवार ऐकू येते, ते मात्र पटत नाही. आजच्या घटनेविषयी किंवा एखाद्या आडबाजूच्या तथ्याविषयी खात्रीने बोलायचे तर या साधनांनाही कोणाची तरी सूची चाळावी लागते. त्यांच्यामुळे सूचीचे महत्त्व कमी होण्याऐवजी वाढले आहे, आणि सूचीचा मालक वाचकाच्या नजरेपासून एक पडदा आणखी दूर गेला आहे.

यातून निघणाऱ्या वाटांपैकी सर्वांत आशादायक वाट युरोपात चोखाळली जात आहे. सप्टेंबर 2022 मध्ये तेथील 14 संशोधनसंस्थांनी युरोपीय संघाच्या 85 लाख युरोंच्या साहाय्याने महाजालाची खुली सूची उभारण्याचे काम हाती घेतले. कोणत्याही विद्यापीठाला, ग्रंथालयाला किंवा लहान कंपनीला ती वापरून आपापली शोधयंत्रे घडवता यावीत, असा त्यामागचा विचार आहे. उसन्या सूचीचे दुष्परिणाम भोगलेल्या इकोसिया आणि फ्रान्समधील क्वांट या दोन संस्थांनी नोव्हेंबर 2024 मध्ये एकत्र येऊन स्वतःची युरोपीय सूची करण्याचे ठरवले आणि 2025 मध्ये फ्रान्समधील काही शोधांची उत्तरे त्या सूचीतून मिळू लागली. गूगलच्या खर्चापुढे या रकमा नगण्य आहेत. तरीही रस्ते, पाणी आणि ग्रंथालये यांप्रमाणे सूचीलाही सार्वजनिक सोय मानणारी ही दृष्टी योग्य आहे, आणि लहान शोधयंत्रांचे भवितव्य भांडवलदारांच्या उदारपणापेक्षा तिच्यावर अधिक अवलंबून राहील.

मराठीपुरते बोलायचे तर सगळ्या महाजालाची सूची करण्याची गरजही नाही. विश्वकोश, विद्यापीठांचे प्रबंध, जुनी नियतकालिके, साहित्यसंस्थांचे आणि शासनाचे दस्तऐवज यांपुरती नीट राखलेली मराठी सूची आजच्या साधनांनी आणि मध्यम खर्चात करता येण्याजोगी आहे. तिच्यासाठी शोधयंत्र तयार होण्याची वाट पाहायलाही नको. यांपैकी पुष्कळसा मजकूर आज स्कॅन केलेल्या छायाचित्रांच्या रूपात पडून आहे, जो कोणतेही शोधयंत्र नीट वाचू शकत नाही. तो ज्यांच्या ताब्यात आहे त्या संस्थांनी युनिकोडमध्ये, शोधता येईल अशा रूपात प्रसिद्ध करावा, आणि आपल्या संकेतस्थळावरील सूचनाफाइल एकदा उघडून पाहून तेथे गूगलइतकीच मोकळीक लहान क्रॉलरांनाही द्यावी, अशी या पुस्तकाच्या निमित्ताने त्यांना आग्रहाची विनंती आहे.